स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे घर आणि मोबाइलमधील मदतनीस

नववी-दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांना हा अनुभव नवा नसावा. एरवी बऱ्यापैकी अभ्यास करणारा मुलगा पहिल्या तासालाच पेंगू लागतो. गृहपाठ अपुरा, लक्ष खिडकीबाहेर. रागावून उपयोग होत नाही. पुष्कळ खोदून विचारल्यावर कळते, की घरी आजोबा रात्री दोन-दोन वाजता उठून दाराची कडी काढतात. आईला सकाळी कामावर जायचे असते, म्हणून दाराशी अंथरूण टाकून झोपण्याचे काम या मुलाकडे आले आहे. आजोबांना काय झाले आहे असे विचारले, तर तो म्हणतो, ‘वय झालंय.’

नुसते वय झाले म्हणून कोणी स्वतःच्या घराची गल्ली विसरत नाही. हा मेंदूचा आजार आहे. स्मृतिभ्रंश, किंवा डॉक्टरांच्या भाषेत डिमेन्शिया, हे निरनिराळ्या आजारांतून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचे नाव असून त्या आजारांपैकी सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे अल्झायमर. भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. यांतील बहुतेकांना सांभाळते ते घर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात घरची माणसे आणि जवळचे स्नेही अशा रुग्णासाठी रोज सरासरी पाच तास देतात, आणि एकूण शुश्रूषेच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे असतात.

सांभाळणाऱ्या माणसाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष तसे उशिराच गेले. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या औगुस्ट डेटर या बाईंची हकीकत आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली मांडली आणि आजाराला पुढे त्यांचे नाव मिळाले. त्या बाईंचा नवरा रेल्वेत कारकून होता. रुग्णालयात येण्यापूर्वी त्याने घरात काय काय निभावले असेल, याची कोणी फारशी चौकशी केल्याचे दिसत नाही. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नावली तयार केली ती १९८० साली. ती आजही जगभर वापरली जाते.

आता या माणसांच्या मदतीला मोबाइलमधील अ‍ॅप आले आहेत. औषधाची आठवण करून देणारे, रुग्ण कुठे आहे ते नकाशावर दाखवणारे, त्याच्या वागण्याची रोजनिशी ठेवणारे, सांभाळणाऱ्याला धडे देणारे, त्याच्या मनाची अवस्था विचारणारे. त्यांच्या जाहिराती वाचल्या तर प्रश्न जवळजवळ सुटला असेच वाटावे. आम्ही स्वतः व्यवसायाने संशोधक असल्यामुळे आणि आमच्या घरातच हा आजार असल्यामुळे या अ‍ॅपची तपासणी दोन्ही अंगांनी करण्याची वेळ आमच्यावर आली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

आमची आई साताऱ्याला थोरल्या भावाकडे असते. तिला सांभाळते ती वहिनी. आम्ही पुण्याहून एका रविवारी गेलो आणि मोठ्या उत्साहाने वहिनींच्या मोबाइलवर तीन अ‍ॅप टाकून दिले. महिन्याने पाहिले तर एकही उघडलेले नव्हते. आम्ही जरा नाराजीनेच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, ते उघडायला हात मोकळे लागतात.’ आम्ही निरुत्तर झालो. मग तेच अ‍ॅप आम्ही एक आठवडा तिथे राहून स्वतः वापरायचे ठरवले.

पहिला आठवण करून देणारा. सकाळी आठला आईच्या उशाशी घंटी वाजे. ती घंटी ऐके, मोबाइल उलटा ठेवी आणि पुन्हा पडून राही. गोळी घेतली का, असे विचारले की ‘घेतली’ म्हणून सांगे, आणि ती खोटे बोलत नसे. अल्झायमरमध्ये सर्वांत आधी झीज होणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा छोटासा भाग. नुकत्याच घडलेल्या गोष्टीची नोंद पक्की होण्यासाठी तो लागतो. तो अधू झाला, की जुने बरेच काही शिल्लक राहते, पण पाच मिनिटांपूर्वीचे मुळात साठतच नाही. घंटीने आठवण होण्यासाठी घंटी कशाची हे आठवावे लागते. तुमच्या-आमच्यासारख्या विसराळू माणसासाठी बनवलेली युक्ती येथे चालत नाही. शेवटी गोळी वहिनींनीच हातावर ठेवायची असते आणि ते त्यांना घंटीशिवायही माहीत असते. आजाराच्या अगदी सुरुवातीच्या काळात अशा घंटीचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्या काळात बहुतेक घरांत आजार ओळखलेलाच नसतो.

दुसरा अ‍ॅप ठावठिकाणा दाखवणारा. याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे योग्य होईल, कारण विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण चांगले वापरता येते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांच्या वेळेतील फरकावरून मोबाइल आपले स्थान ठरवतो. मोकळ्या आकाशाखाली ही चूक पाचएक मीटरची असते. पण जुन्या पेठेतील अरुंद बोळात संदेश भिंतींवर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतो आणि चूक कितीतरी वाढते. घरात तर आकाशच दिसत नाही. त्यामुळे आई माजघरात बसलेली असताना ती घराबाहेर पडल्याची सूचना आम्हाला आठवड्यात चार वेळा आली. चौथ्या वेळी कोणी उठलेही नाही. लांडगा आला रे आला, म्हणतात ते हेच.

उलट बाजूची चूक अधिक महत्त्वाची. विजेरी पुरावी म्हणून असे अ‍ॅप आपले स्थान सतत न कळवता काही मिनिटांच्या अंतराने कळवतात. हे अंतर पाच मिनिटे धरू. ताशी चार किलोमीटर वेगाने चालणारे माणूस मिनिटाला सुमारे ६७ मीटर जाते. म्हणजे पाच मिनिटांत ३३० मीटरहून जास्त. साताऱ्यातील आमच्या घरापासून एवढ्या अंतरात रहदारीचा रस्ता येतो. आणि हे सगळे केव्हा, तर रुग्णाने बाहेर पडताना मोबाइल बरोबर घेतला असेल तेव्हा. ज्या आजारात चपला घालायचे भान राहत नाही, त्यात मोबाइल खिशात असेल हे कोणी गृहीत धरले असावे? हातात बांधायची किंवा कपड्यात शिवायची यंत्रे मिळतात, ती अधिक बरी. पण ती विद्युतभारित करण्याचे रोजचे एक काम पुन्हा वहिनींकडेच येते.

येथे आम्हाला या अ‍ॅपकडे पाहण्याची एक साधी कसोटी सापडली. अ‍ॅपमुळे सांभाळणाऱ्याची किती मिनिटे वाचली आणि किती मिनिटे खर्ची पडली, एवढेच मोजायचे. तिसऱ्या, रोजनिशीच्या अ‍ॅपला ही कसोटी लावली तेव्हा तो साफ नापास झाला. आई रात्री अस्वस्थ झाली की त्यात चौदा प्रश्नांची उत्तरे भरायची: केव्हा सुरू झाले, आधी काय घडले, तुम्ही काय केले, वगैरे. वागणुकीच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले हे पाहण्याची पद्धत मूळची उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. रोज संध्याकाळीच चिडचिड का होते याचा शोध घेतला, तर कधी खोलीतील अंधार, कधी लघवीची अडचण, कधी भूक सापडते, आणि उपाय औषधाशिवाय होतो. परंतु रात्री अडीच वाजता चौदा प्रश्न? आठवड्याच्या शेवटी अ‍ॅपने तांबड्या रंगाचा आलेख दाखवला: तुमचा ताण वाढलेला आहे, अर्धा तास बाहेर फिरून या. त्या अर्ध्या तासात आईजवळ कोणी बसायचे, याबद्दल अ‍ॅपचे काही म्हणणे नव्हते. वहिनींनी तो आलेख पाहिला आणि हसून मोबाइल परत केला.

एका घरच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. म्हणून मोठ्या अभ्यासांकडे वळू. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्यासाठीचे, भरपूर लोकांनी उतरवून घेतलेले ९३ अ‍ॅप तपासण्यात आले. उतरवून घेतल्यानंतर तिसाव्या दिवशी ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.३ टक्के निघाले. हजार जणांनी अ‍ॅप घेतला तर महिन्याने तेहतीस. आमच्या वहिनी अपवाद नव्हत्या.

स्मृतिभ्रंशाच्या क्षेत्रात सर्वांत जबाबदारीने केलेला प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. त्याचे नाव आय-सपोर्ट. संगणकावर तसेच मोबाइलवर उघडणारा हा पाठ्यक्रम असून त्यात पाच भाग आणि २३ धडे आहेत. आजार म्हणजे काय, सांभाळणाऱ्याची भूमिका, स्वतःची काळजी, रोजची कामे आणि वागणुकीतील बदल असे ते भाग. प्रत्येक धड्यात एखादा प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असे विचारतात आणि उत्तर दिल्यावर लगेच समजावून सांगतात. मजकूर आम्ही वाचला. तो चांगला आहे, रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणारा आहे. इंटरनेट नसलेल्यांसाठी २०१९ साली त्याची छापील पुस्तिकाही काढण्यात आली. पोर्तुगाल, ब्राझील अशा देशांत त्याची स्थानिक रूपे झाली.

या पाठ्यक्रमाची भारतातील चाचणी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी केली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. चाचणीत १५१ सांभाळणारे सहभागी होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एकाला आय-सपोर्ट, दुसऱ्याला नुसते माहितीचे ई-पुस्तक. तीन महिन्यांनी मोजणी केली तेव्हा शेवटपर्यंत टिकलेले होते ५५. म्हणजे १५१ पैकी ९६ जण वाटेत गळले. उरलेल्यांत रुग्णाकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात आय-सपोर्टच्या गटात सुधारणा दिसली. मनावरचा भार आणि खिन्नता यांत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे, कारण गळतीचा प्रश्न संख्याशास्त्रात फार फसवा आहे. समजा, शंभर जणांचा भार मोजला. ज्यांच्यावर सर्वांत जास्त भार, त्यांना वेळ नाही म्हणून ते आधी गळाले. उरलेल्या छत्तीस जणांची सरासरी काढली तर ती आपोआप कमी येईल. कोणाचाही भार तसूभरही कमी झालेला नसताना. कच्च्या मुलांना फॉर्मच भरू न देता शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्याची युक्ती शिक्षकांना ठाऊक आहेच. बंगळूरच्या संशोधकांनी असे काही केले, असे आम्हाला अजिबात सुचवायचे नाही. त्यांनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवला आणि गळतीचे आकडे उघडपणे छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. पण इतकी गळती झालेल्या चाचणीतून ‘अ‍ॅप उपयोगी पडतो’ असेही म्हणता येत नाही आणि ‘पडत नाही’ असेही ठामपणे म्हणता येत नाही. त्यातून खात्रीने कळते ते एवढेच, की तीन महिने हा पाठ्यक्रम चालवणे बहुसंख्यांना जमले नाही. आमच्या मते हाच त्या चाचणीचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे.

याच्याशेजारी गोव्यातील एक जुनी चाचणी ठेवून पाहावी. १९९८ साली कोचीन येथील बैठकीतून ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नावाचा संशोधकांचा गट उभा राहिला. नाव असे, की स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि तिथल्या लोकांवर होणारे संशोधन मात्र दहा टक्क्यांहूनही कमी. या विचारातूनच अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या तिसवाडी आणि बार्देस तालुक्यांत काम केले. ८१ कुटुंबे घेतली. त्यांपैकी ४१ कुटुंबांकडे स्थानिक, प्रशिक्षण दिलेले सल्लागार सहा महिने नियमाने घरी जात. आजार समजावून सांगणे, अमुक वागणुकीला काय करावे ते दाखवणे, सरकारी योजनांची माहिती देणे, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे, अशी साधी कामे. कोणतेही यंत्र नव्हते. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा मनस्ताप लक्षणीयरीत्या कमी झाला. झरिट यांच्या प्रश्नावलीवरील भारही थोडा उतरला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निश्चित म्हणावा इतका नव्हता.

आता गळती पाहा. ८१ पैकी चाचणी पूर्ण केली ५९ कुटुंबांनी. पण न केलेल्या २२ पैकी १८ ठिकाणी रुग्णाचाच मृत्यू झाला होता. म्हणजे अन्य कारणाने सुटलेली कुटुंबे चार. तीही तीन नव्हे, सहा महिन्यांत. दोन चाचण्यांची रचना वेगळी, काळ वेगळा, म्हणून आकड्याला आकडा लावून तुलना करणे बरोबर नाही, याची आम्हाला जाणीव आहे. शिवाय गोव्याची चाचणी लहान होती. तरीही दार वाजवून आत येणाऱ्या माणसाला कोणी सहसा ‘नको’ म्हणत नाही आणि मोबाइलवरची सूचना बोटाने बाजूला सारायला क्षणही लागत नाही, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

यावर उत्तर ठरलेले असते: ८८ लाख घरांत सल्लागार कुठून पाठवणार? अ‍ॅप तर एकदा बनवला की कितीही जणांना पुरतो. हिशोब वरवर बिनतोड आहे. पण ‘कितीही जणांना’ म्हणजे कोणाला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांनी कधी तरी इंटरनेट वापरले आहे अशा निघाल्या ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. हे आकडे त्यानंतर वाढले असणार. परंतु स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या अनेक जणी पन्नाशी-साठी ओलांडलेल्या असतात, त्या या मोजणीतच नाहीत. जिचे सत्तर टक्के तास, तिच्याच हाती मोबाइल सर्वांत कमी.

भाषेचा प्रश्न वेगळाच. अ‍ॅपमधील प्रश्नावल्या इंग्रजीतून शब्दशः उतरवलेल्या असतात. आम्ही पाहिलेल्या एका मराठी रूपात ‘तुमची व्यक्ती तुम्हाला ओझे वाटते का’ असा प्रश्न होता. सासूबाई ओझे वाटतात का, याला ‘होय, बहुतेक वेळा’ असे उत्तर मोबाइलवर नोंदवणारी सून आम्हाला तरी भेटलेली नाही. ती ‘अजिबात नाही’ वरच बोट ठेवणार. मग अ‍ॅप तिला शाबासकी देणार, आणि मापन संपले. तीच बाई शेजारणीशी बोलताना ‘झोप नाही हो, अंग मोडून आलंय’ असे सहज सांगून जाते. मोजायचे असेल तर ते मोजावे.

आणखी एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधावे. फुकटचा अ‍ॅप कोणाच्या तरी पैशावर चालतो. रुग्णाची औषधे, त्याचे फिरणे, घरातील माणसांची खिन्नता ही सगळी माहिती त्यात जमा होते. अमेरिकेत २०२३ साली फेडरल ट्रेड कमिशनने औषधांच्या सवलतींसाठीच्या गुडआरएक्स या सेवेवर, ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याबद्दल १५ लाख डॉलर दंडाची कारवाई केली. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली मंजूर झाला, पण आरोग्याच्या माहितीसाठी त्यात वेगळा, अधिक कडक वर्ग केलेला नाही. आमच्या आईच्या रात्रीच्या फेऱ्यांची नोंद करायला ‘मी सहमत आहे’ या चौकोनावर बोट ठेवले ते आम्ही. तिला कोणी विचारले नाही, आणि विचारून तिला कळलेही नसते. ही टोचणी आम्हाला आजही आहे.

मग मोबाइल टाकाऊ आहे का? तसे नाही. आमच्या घरात त्याचा एक उपयोग अगदी निर्विवाद ठरला आणि तो कोणत्याही खास अ‍ॅपचा नव्हता. वहिनींची सर्वांत अवघड वेळ संध्याकाळी सहाची. स्वयंपाक व्हायचा असतो आणि नेमकी तेव्हाच आई ‘मला घरी जायचंय’ म्हणून उठते. आम्ही त्या वेळी रोज चित्रासह फोन करू लागलो. मोबाइल कपाटाला टेकवून ठेवायचा, आई समोर बसते. कधी ती आम्हाला मुलगा समजते, कधी पोस्टातला माणूस. कऱ्हाडच्या शाळेतल्या गोष्टी सांगते, त्याच त्या. अर्धा-पाऊण तास जातो. कुकरच्या शिट्ट्या होतात, कणीक मळून होते. मिनिटांच्या हिशोबात हा फोन वहिनींना रोज चाळीस मिनिटे देतो आणि त्यांचे एकही मिनिट घेत नाही. बहिणीने मंगळवार आणि शुक्रवार वाटून घेतले आहेत. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी सांभाळणाऱ्या एकाच माणसाला अधिक कार्यक्षम करण्याऐवजी तिचे काम चार जणांत कसे वाटले जाईल याचा विचार केला असता, तर आम्ही ही तक्रार लिहिली नसती. आशा कार्यकर्ती किंवा गोव्यातल्यासारखी सल्लागार घरी जाणार असेल, तर तिच्या हातात आय-सपोर्टचे धडे असलेला मोबाइल देणे हेही योग्यच होईल. वाचणारी ती, ऐकणारी वहिनी.

पेंगणाऱ्या त्या मुलाच्या घरी शिक्षकांना काही सांगायचे झाले, तर सध्या हाताशी दोन दूरध्वनी आहेत. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक. ती २०२२ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि मराठीतही बोलते. तेथे रुग्णासाठीच नव्हे, सांभाळणाऱ्याने स्वतःच्या झोपेसाठी, चिडचिडीसाठी फोन केला तरी चालतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आहे. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ही १९९२ साली कोचीनला स्थापन झालेली संस्था कुटुंबांसाठी काम करते. आणि आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात, आतल्या बाजूने टाका घालून, नाव आणि घरच्या दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली कापडाची पट्टी शिवून ठेवावी. शाई धुण्यात जाते, म्हणून क्रमांक दोऱ्याने भरलेला बरा. वहिनींनी आईच्या सगळ्या झंपरांना तशी शिवली आहे. गेल्या पावसाळ्यात आई पोवई नाक्यापर्यंत चालत गेली, तेव्हा एका रिक्षावाल्याने ती पाहूनच फोन केला.